लोणंदला ब्रेक!

वीकएंडची लाँग ड्राइव्ह म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? लोणावळा, माळशेज, फारच हौस असेल तर थेट गोवा. लोणंद येतं का? नाही ना? माझ्याही नव्हतं आलं. उलट मित्राने नकाशात बोट ठेवलं तेव्हा मी विचारलं, ‘‘हे खंडाळा तालुक्यात म्हणजे लोणावळ्याच्या बाजूला का?’’ तर नाही. तो खंडाळा वेगळा, हा सातारा जिल्ह्यातला वेगळा. मास कॉमची डिग्री घेताना भूगोल सुटला तो सुटलाच.

गोव्याहून आम्ही गाडी घेऊन येत होतो. साधीसुधी नाही, सॅन स्टॉर्म! गोव्यातच बनलेली दोन सीटची, कापडी टपाची छोटी स्पोर्ट्स कार. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला ती आली तेव्हा आम्ही बालवाडीतही नव्हतो. फायबरग्लासची बॉडी, रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन. आता ही गाडी बनत नाही, त्यामुळे सेकंडहँडच शोधावी लागते. मित्राने ती शाळेपासून डोक्यात ठेवली होती आणि आयटीतल्या पाचव्या वर्षाच्या बोनसवर घेतली. (आम्ही शाळासोबती आहोत. बाकी काही नाही. पुढे लॉजच्या मॅनेजरलाही हेच सांगावं लागलं.) आधीचा मालक हौशी होता. मागची चाकं, मागचे ब्रेक, सगळं त्याने आपल्या मर्जीने बदललेलं. कुठल्या गाडीचं काय लावलंय, हे विचारायचं मात्र आमच्या हिरोला सुचलं नाही.

साताऱ्यापर्यंत हायवेने आलो. एवढ्या बुटक्या गाडीत बसलं की शेजारच्या ट्रकचं चाक थेट आपल्या कानाशी फिरतं. दोन तास ते सोसल्यावर ठरलं, खंबाटकीतून नको, वाठारवरून सालपे घाट उतरू, मग लोणंद, नीरा, जेजुरी आणि दिवे घाटाने पुणे. जानेवारीची दुपार, टप उघडा, दोन्हीकडे माळरान... ज्यासाठी ही गाडी घ्यायची ते सगळं त्या अर्ध्या तासात मिळालं.

मग वास आला. आधी वाटलं कुणीतरी शेतात काहीतरी पेटवलंय. घाट उतरून सपाटीला लागलो, तरी वास आमच्याबरोबरच. गाडी मागून कुणी धरून ठेवल्यासारखी जड चालत होती. लोणंदच्या अलीकडे थांबून पाहिलं तर मागच्या डाव्या चाकाजवळ हात नेववत नव्हता. मित्र म्हणाला, ‘‘हँडब्रेक राहिला असेल.’’ राहिला नव्हता.

रांगत रांगत गावात शिरलो. पहिल्या गॅरेजवाल्याने गाडी बघून हातच जोडले. दुसऱ्याने, साठीच्या एका मिस्त्रींनी, आधी गाडीभोवती एक चक्कर मारली, मग बोटाने बॉडी वाजवली. ‘‘फायबर हाय व्हय? मग जॅक कुटं बी नगं लावायला.’’ तिथेच मला बरं वाटलं.

त्यांनी चाक उचललं. फिरेना. हँडब्रेकची केबल सैल केली, तरी फिरेना. मग कॅलिपरवरची बारकी निपल पाव आटा उघडली, तर आतलं ब्रेक ऑइल चिळकांडीसारखं उडालं आणि चाक गपकन मोकळं झालं! निपल बंद करून मित्राला पेडल दाबायला लावलं, पाय काढायला लावला. चाक पुन्हा जाम. मिस्त्री म्हणाले, ‘‘होजपाइप गेलाय.’’

आपल्यासारख्यांसाठी थोडं सोपं करून सांगते. पेडल दाबलं की ऑइलचा दाब चाकापर्यंत जातो, पिस्टन पॅडला ढकलतो, पॅड डिस्कला चिमटीत धरतं. चाक वरखाली होतं म्हणून शेवटचा वीतभर पाइप रबराचा असतो. वर्षं लोटली की हे रबर आतून सुजतं आणि बाहेरून अगदी नवंकोरं दिसतं. पायाचा जोर ऑइलला पलीकडे रेटतो, पण पाय काढल्यावर परत यायला वाटच नसते. मिस्त्रींनी पाइप काढून तोंडाने फुंकला, हवा जाईना. ब्लेडने उभा चिरला तर आत सुईएवढं भोक. घाटभर त्या चाकाचा ब्रेक लागलेलाच होता. उष्णतेने कॅलिपरचं रबरी बूट करपलं होतं, पिस्टनवर गंज होता आणि उजव्या बाजूचं कॅलिपर ओलसर. म्हणजे दोन कॅलिपर, दोन होज.

कॅलिपर कुठल्या गाडीचं? मिस्त्रींनी पिस्टनच्या तोंडावरच्या दोन खाचा दाखवल्या. हा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, दाबता दाबता फिरवावा लागतो, कारण हँडब्रेकचा स्क्रू त्याच्या पोटात असतो. ‘‘ऑक्टाव्हियाचं हाय.’’ स्कोडाची ऑक्टाव्हिया २००१ मध्ये भारतात आली आणि मागेही डिस्क ब्रेक घेऊन आली. लोणंदच्या एका कांदा व्यापाऱ्याची ऑक्टाव्हिया मिस्त्रींनी कित्येक वर्षं सांभाळली होती. कांद्याचे आभार!

पण रविवार. पुण्याचं नाना पेठेतलं स्पेअर पार्टचं मार्केट सोमवारी उघडणार. आणि मित्राचा सोमवारी सकाळी दहाला क्लायंट कॉल. इथे त्याच्यातला मॅनेजर जागा झाला. ‘‘शेजारी ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक पाइप प्रेस करून मिळतात. तसाच एक करून द्या.’’ मिस्त्री नाही म्हणाले. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये खनिज तेल, ब्रेकमध्ये ग्लायकॉलचं, एकाला चालणारं रबर दुसऱ्यात फुगतं. ‘‘मग हा पाइप बंद करा, तीन ब्रेकवर जातो.’’ मिस्त्रींनी हात पुसले. ‘‘सायेब, गाडी पळंल हो. फुडं दिवे घाट उतरायचाय न्हवं? ह्या ताई बी बसल्यात.’’

मित्र रागाने स्टेशनवर निघून गेला. खरंच निघून गेला! पुणे-मिरज मार्गावरचं स्टेशन आहे, गाडी मिळाली असती. मी एकटीच गावात फिरले. बाजार समितीच्या आवारात गोण्यांच्या थप्प्या, हवेत कांद्याचा तो गोडसर तिखट वास, रस्त्यावर टरफलं उडत होती. टपरीवरच्या मावशींनी सांगितलं, माउलींची पालखी नीरेत स्नान करून सातारा जिल्ह्यात येते ती मुक्कामाला इथेच, लोणंदला. ‘‘तवा यायचं बाई तुमी, पाय ठेवायला जागा नसती.’’ त्या म्हणाल्या तो पालखी तळ मी पाहिला तेव्हा पोरं तिथे क्रिकेट खेळत होती.

अंधार पडला तसा मित्र परत आला. काही बोलला नाही. मी विचारलंही नाही. आम्ही लॉजवर दोन खोल्या मागितल्या, तेव्हा मॅनेजरच्या चेहऱ्यावरचा सस्पेन्स संपला. रात्री पिठलं-भाकरी आणि फोडलेला कांदा, हवा तेवढा.

सोमवारी दहाचा कॉल मित्राने गॅरेजमधल्या टायरवर बसून केला. कॉम्प्रेसर सुरू झाला की तो म्यूट करायचा. त्याआधी मिस्त्रींनी होजची लांबी टेपने मोजून, दोन्ही टोकांच्या आट्यांचे फोटो नाना पेठेत पाठवले होते. लांबी कमी पडली तर चाक खाली लोंबल्यावर पाइप ताणतो, जास्त झाली तर टायरला घासतो. दुपारी फलटणच्या एसटीतून पार्सल आलं. नवे तांब्याचे वॉशर मिस्त्रींनी स्वतःच्या डबीतून काढले. जुने पुन्हा वापरले की गळतात म्हणे.

मग शेवटचा अंक, हवा काढणं. मित्र पेडलवर, मी पारदर्शक नळी आणि बाटली धरून. सुरुवात सगळ्यात लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून. ‘‘दाबा... धरून ठेवा... सोडा.’’ आधी चहाच्या रंगाचं जुनं ऑइल आलं, मग बुडबुडे, मग स्वच्छ पिवळसर धार. हे ऑइल हवेतला ओलावा पितं. डॉट ४ चं कोरडं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पाणी प्यायलं की ही हद्द १५५ वर येऊ शकते. म्हणजे घाटातच दगा. साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. तुम्ही शेवटचं कधी बदललंत? मीही माझ्या गाडीचं आठवून पाहिलं आणि गप्प बसले. दोन थेंब फेंडरवर सांडले तर मिस्त्री ओरडलेच, लगेच पाणी ओतलं. रंग खातं ते.

मजुरी घेतली १,२०० रुपये. मित्राने जास्त पाठवायचा प्रयत्न केला तर म्हणाले, ‘‘ऱ्हावू द्या. हडपसरला पोचल्यावर फोन करा.’’

नीरेचा पूल, वाल्हे, जेजुरीचा गड उजेडात दिसला, सासवडला दिवे लागले होते. वारकरी चढतात तो दिवे घाट आम्ही उलटा उतरलो, दुसऱ्या गिअरमध्ये, एकमेकांशी न बोलता. हडपसरला कडेला थांबून मित्र खाली उतरला. आधी डाव्या चाकाजवळ हात नेला, मग उजव्या. फोन मी लावला.

‘‘दोनी सारखीच कोमट हायेत न्हवं?’’

‘‘हो.’’

‘‘वास?’’

‘‘नाही.’’

‘‘मग जावा उंद्या हापिसात,’’ ते म्हणाले आणि मागे कुणालातरी पाना द्यायला सांगत फोन ठेवला.