एका नगराचें संवत्सरफल

वर्षप्रतिपदेच्या दिवशीं पंचांगाचें पूजन करून त्यांतील संवत्सरफल वाचण्याचा प्रघात आपल्याकडे आहे. या वर्षीं राजा कोण, मंत्री कोण, पर्जन्य किती, धान्यें कोणतीं पिकतील, हें सारें वर्षारंभींच ऐकावयाचें असतें. परंतु वर्ष उलटून गेल्यावर मागें वळून एखाद्या नगराचें फल वाचूं म्हटलें, तर त्यांत काय आढळेल? अमेरिकेच्या दक्षिण भागांतील बर्मिंगहॅम या शहराचें इ. स. १९६३ चें फल मीं गेल्या उन्हाळ्यांत तेथील रस्त्यांतून हिंडून वाचलें. तेंच आज वाचकांपुढें ठेवीत आहें.

माझी कन्या व जांवई नोकरीनिमित्त त्या शहरीं असतात. त्यांच्या आग्रहावरून आम्ही उभयतां तीन महिने तेथें राहून आलों. अलाबामा राज्यांतील हें शहर पुरातन नव्हे. तें १८७१ सालीं वसलें. लोहखनिज, दगडी कोळसा व चुनखडी हे लोखंड गाळण्यास लागणारे तिन्ही पदार्थ तेथें जवळजवळ सांपडतात, म्हणून लोहकामाबद्दल प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडांतील नगराचें नांव त्यास मिळालें. पुढें तें इतक्या झपाट्यानें वाढलें कीं, लोक त्यास 'जादूचें नगर' म्हणूं लागले. तेथील तांबड्या टेंकडीवर व्हल्कन या रोमन देवाचा छप्पन फूट उंचीचा ओतीव लोखंडाचा पुतळा आहे. १९०४ च्या सेंट लुई येथील प्रदर्शनासाठीं मोरेट्टी नांवाच्या शिल्पकारानें तो घडविला. आपल्याकडे विश्वकर्मा, तसा हा त्यांचा लोहार देव. १८८२ सालीं पेटलेल्या आणि १९७१ सालीं कायमच्या विझलेल्या स्लॉस येथील भट्ट्याही संग्रहालयाच्या रूपानें जतन केलेल्या आहेत.

परंतु ज्या नगरांत भट्टीपुढें घाम गाळतांना काळा व गोरा दोघेही लागत, तेथेंच पाणी पिण्याचे नळ मात्र दोघांचे निराळे होते. शाळा निराळ्या, उपाहारगृहें निराळीं, गाडींतील बसण्याच्या जागा निराळ्या. आणि हें सर्व केवळ रूढीनें नव्हे, तर कायद्यानें. बागा सर्वांना खुल्या कराव्या असें न्यायालयानें सांगितलें, तेव्हां १९६२ सालीं नगराधिकाऱ्यांनीं बागाच बंद करून टाकल्या! शेजाऱ्यास सावली मिळूं नये म्हणून स्वतःच्या अंगणांतील झाड तोडण्याचाच हा प्रकार नव्हे काय?

अशा स्थितींत १९६३ साल उजाडलें. चौदा जानेवारीस राज्याच्या राजधानींत जॉर्ज वॉलेस यांनीं गव्हर्नरपदाची शपथ घेतली आणि हा वर्णभेद यावच्चंद्रदिवाकरौ टिकविण्याची घोषणा केली. दोन एप्रिलला बर्मिंगहॅमच्या नगराध्यक्षाची निवडणूक होऊन त्यांत बुल कॉनर हे पोलीस व अग्निशामक दलांवर अधिकार चालविणारे गृहस्थ पराभूत झाले. तथापि त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं खुर्ची सोडण्याचें नाकारून वाद न्यायालयांत नेला; त्यामुळें कांहीं आठवडे एका गांवास दोन पाटील अशी अवस्था झाली.

निवडणुकीच्या दुसऱ्याच दिवशीं सत्याग्रहास प्रारंभ झाला. फ्रेड शटल्सवर्थ हे तेथील धर्मोपदेशक कित्येक वर्षें झगडत होते. त्यांनीं मार्टिन ल्यूथर किंग यांस साह्यार्थ बोलाविलें. ईस्टरचा सण जवळ आला होता. आपल्याकडे दिवाळीस, तसे तिकडे ईस्टरला नवे कपडे घेतात. कृष्णवर्णीय गृहिणींनीं त्या वर्षीं बाजारपेठेंत पाऊल न टाकण्याचें ठरविलें आणि जुन्याच कपड्यांत सण साजरा केला. संसार करणाऱ्या भगिनींस याचें मोल सांगावयास नको. बारा एप्रिल रोजीं, म्हणजे गुड फ्रायडेच्या दिवशीं, किंग यांस अटक झाली. आठ गोऱ्या धर्मगुरूंनीं त्यांस धीर धरण्याचा उपदेश वृत्तपत्रांतून केला होता. त्याचें उत्तर त्यांनीं तुरुंगांत वर्तमानपत्राच्या समासांतील कोऱ्या जागेवर लिहावयास घेतलें. तें पत्र आज जगभर वाचलें जातें.

दोन मे रोजीं जें घडलें तें वाचतांना माझ्यांतील शिक्षक अस्वस्थ झाला. हजारावर मुलेंमुली शाळा सोडून सोळाव्या रस्त्यावरील बॅप्टिस्ट चर्चमध्यें जमलीं आणि गाणीं म्हणत बाहेर पडून स्वतःस अटक करवून घेऊं लागलीं. त्यांतील कांहीं तर प्राथमिक वर्गांतलीं होतीं. दुसऱ्या दिवशीं कॉनर यांच्या हुकुमानें त्यांच्यावर बंबाच्या पाण्याचे झोत सोडण्यांत आले आणि कुत्रे घालण्यांत आले. तीं छायाचित्रें जगभर गेलीं. दहा मे रोजीं समेट झाला आणि दुकानांतील उपाहारगृहें व पाण्याचे नळ सर्वांस टप्प्याटप्प्यानें खुले करण्याचें व्यापाऱ्यांनीं मान्य केलें. परंतु शाळामंडळानें वीस मे रोजीं हजारावर विद्यार्थ्यांचीं नांवें पटावरून काढलीं. वरिष्ठ न्यायालयानें तो हुकूम दोनच दिवसांत फिरविला. मुलांनीं मोर्चांत जावें काय, याविषयीं माझें मत पूर्वीं ठाम होतें. या शहरीं तें तितकें ठाम राहिलें नाहीं.

संवत्सराचें कडू फल पुढेंच होतें. पंधरा सप्टेंबर, रविवार. सकाळीं दहा वाजून बावीस मिनिटांनीं त्याच चर्चमध्यें बाँब फुटला. तळघरांत प्रार्थनेची तयारी करीत असलेल्या चार मुली मृत्यु पावल्या. अॅडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली आणि कॅरोल रॉबर्टसन या चौदा वर्षांच्या; डेनिस मॅकनेअर अकरा वर्षांची. त्याच दिवशीं शहरांत दोन कृष्णवर्णीय मुलगेही गोळीस बळी पडले. न्यायाची गति फार मंद ठरली. एका अपराध्यास १९७७ सालीं, दुसऱ्यास २००१ सालीं व तिसऱ्यास २००२ सालीं शिक्षा झाली. चौथा खटला होण्यापूर्वींच मरून गेला. वेल्स देशांतील लोकांनीं वर्गणी काढून त्या चर्चला रंगीत कांचेची एक खिडकी दिली. तींत कृष्णवर्णाचा येशू हात पसरून उभा आहे. ती मीं पाहिली, आणि आपला श्रीकृष्णही सांवळाच, हें सहजच मनांत आलें.

समोरच्या केली इन्ग्रॅम उद्यानांत त्या मुलींचें स्मारक आहे. तेथें बसलों असतां माझी नात बराच वेळ गप्प होती. तिलाही अकरावेंच वर्ष चालूं आहे. मग ती म्हणाली, "आजोबा, तुमच्या गांवीं सुद्धां पाण्याचे नळ वेगळे होते का हो?"

आमच्या गांवीं नळच नव्हते, असें सांगून मला सुटतां आलें असतें, आणि तें अक्षरशः खरेंही होतें. परंतु आमच्या शाळेंत एक माठ होता. इतर मुलें स्वतः पाणी घेत. एका मुलानें मात्र ओंजळ पुढें करावयाची आणि दुसऱ्यानें वरून पाणी ओतावयाचें, असा शिरस्ता होता. अस्पृश्यता घटनेनें १९५० सालींच नष्ट केली होती. ही गोष्ट त्यानंतर कित्येक वर्षांची. महाडच्या चवदार तळ्याचें पाणी डॉ. आंबेडकरांनीं १९२७ सालीं ओंजळींत घेतलें, तें महाड आमच्यापासून दूर नव्हतें. पाणी ओतणारा बहुधा मीच असें. शिवाशीव होऊं नये म्हणून मी तांब्या उंच धरीत असें, आणि निम्में पाणी भुईवर सांडे. तो कधीं कांहीं बोलला नाहीं. पुढें शिक्षक होऊन छत्तीस वर्षें मीं सर्व भूतांत एकच आत्मा आहे या अर्थाचीं सुभाषितें मुलांकडून पाठ करून घेतलीं. परंतु तो तांब्या मला कधीं आठवला नाहीं.

हें सर्व मीं नातीस सांगितलें. तिनें एवढेंच विचारलें, "त्याचें नांव काय?" तें मला आठवत होतें, हेंच त्यांतल्या त्यांत बरें.

किंग १९५९ सालीं हिंदुस्थानांत आले असतां केरळांतील एका शाळेच्या मुख्याध्यापकांनीं त्यांची ओळख 'अमेरिकेंतील एक अस्पृश्य बंधु' अशी करून दिली. प्रथम आपणांस तें खटकलें, परंतु विचारांतीं तें खरें असल्याचें पटलें, असें किंग यांनीं पुढें एका प्रवचनांत सांगितलें आहे. त्यांस जें पटावयास कांहीं क्षण लागले, तें मला पटावयास जन्म लागला आणि समुद्र ओलांडावा लागला.

१९६४ सालीं वर्णभेदाविरुद्धचा कायदा झाला. १९७९ सालीं रिचर्ड ॲरिंग्टन हे त्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय नगराध्यक्ष निवडून आले. आम्ही ज्या विमानतळावर उतरलों, त्यास आज शटल्सवर्थ यांचें नांव आहे. ज्या नगरानें त्यांस वारंवार तुरुंगांत घातलें, तेंच आतां पाहुण्यांचें स्वागत त्यांच्या नांवानें करतें.

परत आल्यावर मी गांवीं गेलों. तो गृहस्थ आतां माझ्यासारखाच आजोबा झाला आहे. त्यानें आंत हांक मारली आणि सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. मीं फुलपात्र न घेतां ओंजळ पुढें केली. त्यानें माझ्याकडे क्षणभर पाहिलें, मग फुलपात्र भरून माझ्या हातीं दिलें आणि म्हणाला, "गुरुजी, नीट बसून प्या."