कानाने लढायला शिकताना

टेफ्रा गुहेत एक अजस्र कोळीण आहे. शल्क आणि रेन या दोन पोरांना घेऊन मी तिच्यासमोर उभी होते, आणि पडद्यावर नेमकं पाहायचं कुठे तेच मला कळत नव्हतं. खाली रंगीत चिन्हांची पट्टी, प्रत्येकाच्या जिवाची रेषा, शत्रूच्या अंगातून उसळणारे आकडे, मध्येच एका बटणाचं चित्र चमकून जायचं. त्यात मी काहीही दाबलं नाही तरी शल्क आपणहून तलवार चालवत होता. मग मी करायचं तरी काय?

भाचा नोकरीसाठी बंगळुरूला गेला तेव्हा त्याचा निन्टेन्डो स्विच माझ्याकडे ठेवून गेला. जाताना म्हणाला, "मावशी, तुला गाणं कळतं, म्हणून हाच गेम लावून देतोय." त्याआधी मी मोबाइलवर शब्दकोडी सोडवायचे, त्यापलीकडे या जगाशी माझा संबंध नव्हता. गाण्याशी मात्र आहे. कित्येक वर्षं शिकले, अजूनही रोज ऐकते. लढाईच्या खेळाचा आणि गाण्याचा काय संबंध, हे त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

गेमचं नाव 'झेनोब्लेड क्रॉनिकल्स'. जपानच्या मोनोलिथ सॉफ्टने तो 2010 मध्ये 'वी' या यंत्रासाठी काढला. युरोपात तो 2011 मध्ये पोहोचला आणि अमेरिकेत 2012 मध्ये, तोही तिथल्या चाहत्यांनी मोहीम उघडून मागणी लावून धरल्यावर. मी खेळतेय ती 2020 ची नवी आवृत्ती. गोष्टीचा पायाच विलक्षण आहे. अथांग समुद्रात दोन महाकाय देह एकमेकांशी लढता लढता निश्चल झाले, आणि त्यांच्या देहांवर जीवसृष्टी वसली. बायोनिसवर माणसं आणि प्राणी, मेकॉनिसवर यंत्रं. पायावर मैदान, पाठीवर जंगल, डोक्याच्या उंचीवर तरंगती बेटं. ही कल्पना ज्यांना सुचली त्या तेत्सुया ताकाहाशींनी कागदावर टिपणं काढून न थांबता आधी त्या दोन देहांची प्रतिकृती बनवून घेतली होती. खेळताना ते जाणवतं. मैदानातून वर पाहिलं की ढगांच्या मागे त्या देहाचा वरचा भाग अंधूक दिसतो, आणि आपण कुठे चालतोय हे आठवून अंगावर काटा येतो.

आता लढाई. शल्क हा योद्धा नाही, प्रयोगशाळेत मोनाडो नावाच्या गूढ तलवारीचा अभ्यास करणारा तरुण आहे. साधे वार तो स्वतः करतो. माझ्याकडे असतात त्या 'आर्ट्स', म्हणजे खास डावपेच. एक वापरला की तो पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो, त्यामुळे बटणं बडवून काही साधत नाही. आणि कुठे उभं राहून वापरला यावर सगळं अवलंबून असतं. 'बॅक स्लॅश' शत्रूच्या पाठीमागून केला तर दुप्पट लागतो. 'स्लिट एज' बाजूने केला तर शत्रूचा बचाव कमकुवत होतो. पण शत्रू माझ्याकडेच तोंड करून उभा असेल तर त्याची पाठ मिळणार कशी? तिथे रेन येतो. शत्रूला स्वतःवर ओढून घेणं हेच त्याचं काम. तो डिवचतो, ढाल पुढे करतो, मार खातो, आणि मी वळसा घालून मागे जाते. हे लक्षात आलं तेव्हा पडद्यावरचा गोंधळ पहिल्यांदा थोडा निवळला. हा खेळ चपळ अंगठ्यांपेक्षा जागेचा आणि क्रमाचा आहे.

क्रम तर फारच महत्त्वाचा. गुलाबी आर्ट शत्रूचा तोल ढळवते, त्याला 'ब्रेक' म्हणतात. तोल ढळलेल्यावरच हिरवी आर्ट चालते, ती त्याला पाडते. पडलेल्यावर पिवळी चालते, ती त्याला सुन्न करते. एक पायरी चुकवली की पुढची फुकट. त्यात गुलाबी शल्ककडे आणि हिरवी रेनकडे, म्हणजे एकट्याने काही होत नाही. मला एकच पात्र चालवता येतं, बाकीची आपल्या बुद्धीने वागतात. पण मी तोल ढळवला की रेन बहुतेक वेळा लगेच पाडतो. तसं झालं की मला अजून मोठ्याने "वा!" म्हणावंसं वाटतं, आणि म्हणतेही.

मेकॉन नावाची यंत्रं आली आणि या क्रमाला वेगळंच वजन आलं. मोनाडो सोडून कुठल्याच शस्त्राला त्यांचं चिलखत दाद देत नाही. मोनाडोची एक शक्ती आहे, 'एन्चांट'. ती वापरली की पात्याच्या मुळाशी एक जपानी अक्षर उजळतं आणि थोडा वेळ सगळ्या सोबत्यांची शस्त्रं मेकॉनवर चालू लागतात. ती हाताशी नसेल तर दुसरा मार्ग म्हणजे शत्रूला पाडणं, कारण पडलेल्या मेकॉनला साधी शस्त्रंही लागतात. मला हे फार आवडलं. ताकद एकाकडे आहे, पण ती वाटली तरच उपयोगी.

आणि भाच्याने न सांगितलेला तो संबंध? तो हळूहळू उलगडला. साधा शत्रू असेल तर एक चाल वाजते. नाव असलेला खास प्राणी भेटला तर विजेची गिटार गरजत दुसरीच चाल सुरू होते, आणि नजर जिवाच्या रेषेकडे जाण्याआधीच कानाला कळतं की हा सोपा नाही. पण माझं काळीज हलतं ते तिसऱ्या चालीने. मोनाडोमुळे शल्कला भविष्य दिसतं. लढता लढता एकदम चित्र थांबतं, रंग बदलतात, आणि काही सेकंदांनी होणारा घाव आधीच दिसतो: कुणावर, कुठला, किती जोराचा. बहुतेक वेळा तो जीवघेणा असतो. मग आपण लढाईत परत येतो, सेकंद उलटे मोजले जात असतात, आणि संगीत पार बदललेलं असतं. त्याच्यात घाई असते, पण भीतीपेक्षा निश्चय जास्त. आता काहीतरी करायलाच हवं, असं ते सूर सांगतात.

करण्यासारखं असतंही बरंच. मोनाडोचं कवच सोबत्यावर घालता येतं. शत्रूला पाडलं तर तो वार करूच शकत नाही. ज्याच्यावर घाव येणार त्याचा जीव आधीच भरून काढता येतो, किंवा शत्रूचं लक्ष दुसऱ्याकडे वळवता येतं. नाहीतर धावत त्या सोबत्याजवळ जाऊन त्याला सावध करायचं आणि त्याने कुठली आर्ट वापरावी ते आपण निवडायचं. या सावध करण्याला मोल आहे. तिघांची मिळून एक पट्टी असते, तिचे तीन भाग. सावध करायला एक भाग खर्च होतो, पडलेल्या सोबत्याला उठवायलाही एक. आणि तिन्ही भाग साठवले तर काळ थांबवून तिघांनी ओळीने वार करण्याची संधी मिळते. त्यात एकाच रंगाच्या आर्ट्स सलग लावल्या तर माराचा जोर वाढत जातो. म्हणजे प्रत्येक वेळी प्रश्न तोच: आता वाचवायचं, की मोठ्या घावासाठी राखायचं? सूर बदललेले असताना हा निर्णय घेणं आणि शांततेत घेणं यांत फार फरक आहे. गाणं बदललं की मी राखून ठेवायचा विचार सोडते. ते दृश्य मोडून भविष्य बदललं की जो आनंद होतो, तो मला दुसऱ्या कुठल्याही खेळाने दिलेला नाही.

गुहेतून बाहेर पडून गाउर मैदानावर आले तो क्षण सांगितल्याशिवाय राहवत नाही. अंधारी, चिंचोळी वाट संपते आणि समोर बायोनिसच्या पायावरचं अफाट हिरवं रान उघडतं. त्याबरोबर व्हायोलिन आणि तालवाद्यं अशी उसळून येतात की पाय आपोआप पळू लागतात. मी कितीतरी वेळ नुसती धावत होते. त्याच मैदानावर 81 व्या पातळीचा रॉटबार्ट नावाचा वानरासारखा प्राणी फिरत असतो, आणि आपण तेव्हा जेमतेम दहा-बाराच्या घरात. त्याच्या वाटेत आलो की एका फटक्यात सगळं आटोपतं. पण हरल्याची शिक्षा नाही. जवळच्या ओळखीच्या खुणेपाशी आपण पुन्हा उभे राहतो, कमावलेलं सगळं जागच्या जागी. नवख्या माणसाला ही मोठी सवलत आहे. हिच्याच भरवशावर मी ज्या बिळात डोकावायचं धाडस केलं नसतं तिथेही डोकावले.

रात्र झाली की त्याच मैदानाची तीच धून संथ होते. बहुतेक प्रदेशांना दिवसाचं एक संगीत आणि रात्रीचं एक. सॅटॉर्लची दलदल दिवसा करडी, उदास असते. रात्री तिथली झाडं आतून उजळतात आणि संगीतात मानवी आवाज मिसळतात. आपल्याकडे भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी आणि त्याच पाच स्वरांचा देशकार सकाळी गातात. स्वर तेच, पण चलन आणि वजन बदलतं, आणि राग वेगळा उभा राहतो. गाउरच्या दोन धुना ऐकताना मला तीच जाण दिसली. प्रहराचं भान इतक्या दूरच्या लोकांनी, अशा खेळात जपलंय, याचा आनंद शब्दांत सांगता येत नाही. गेममध्ये घड्याळ हवं तसं फिरवता येतं, पण मी सहसा फिरवत नाही. रात्र आपल्या पावलांनी येऊ देते.

हे संगीत एकाचं नाही. मुख्य धून योको शिमोमुरा यांची. 'स्ट्रीट फायटर 2' या प्रसिद्ध खेळाचं बरंचसं संगीत त्यांचंच. त्यांच्यासोबत मानामी कियोता, एस प्लस हा गट, आणि शेवटच्या गीतासाठी यासुनोरी मित्सुदा. इतक्या जणांची शैली वेगवेगळी असूनही कुठे शिवण दिसत नाही. नव्या आवृत्तीत बरंच संगीत पुन्हा वाजवून घेतलंय, शिवाय जुनं ऐकायची सोयही ठेवली आहे. मी दोन्ही ऐकलं. नव्यात वाद्यं मोकळी आणि स्पष्ट ऐकू येतात, पण जुन्यात एक खरखरीत ओढ आहे. गाउरसाठी मला नवंच हवं, लढाईसाठी जुनंही चालेल.

भाच्याच्या कन्सोलवर या मालिकेचा 2022 मध्ये आलेला तिसरा भागही आहे. तो मी नुकता उघडलाय. त्यातल्या माणसांना जगायला मिळतात ती जेमतेम दहा वर्षं, तीही युद्धात. नोआ आणि मिओ हे दोघे बासरी वाजवून मृतांना निरोप देतात. दोघं एकमेकांच्या शत्रू राष्ट्रांतले, दोघांच्या बासऱ्यांचा नाद वेगळा, आणि पुढे त्या एकत्र वाजतात. या दोन बासऱ्या निर्मात्यांनी खेळासाठी खरोखर घडवून घेतल्या आणि त्यांच्यावरच वादन ध्वनिमुद्रित केलं. कुठल्याही वाद्यपेढीतून साधी बासरी आणून भागलं असतं. भागवलं नाही, आणि कान लावला तर ते कळतं. लढाई मात्र तिथे आणखी दाट आहे. सहा-सात जण एकाच वेळी लढतात, आणि एका देशाच्या आर्ट्स वेळाने भरतात तर दुसऱ्याच्या प्रत्यक्ष वार केल्याने. तो भाग मी बाजूला ठेवलाय. पहिला संपल्याशिवाय नाही.

कारण पहिल्यात मेलिया नावाची नवी सोबतीण आली आहे, आणि भाचा फोनवर म्हणाला, "मावशी, एकदा तिला स्वतः चालवून बघ." तिला चालवायला घेतलं आणि पुन्हा सगळं अनोळखी झालं. मेलिया तलवार घेऊन भिडत नाही. ती अग्नी, वीज, पाणी अशी तत्त्वं बोलावून स्वतःभोवती धरून ठेवते, एका वेळी तीन. धरून ठेवली तोवर ती सोबत्यांना बळ देतात: अग्नीने वारांचा जोर वाढतो, पाण्याने जिवाची रेषा हळूहळू भरते. शत्रूवर सोडली तर मोठा घाव बसतो, पण ते बळ जातं. शिवाय सोडत राहिलं तरच तिची सर्वांत मोठी शक्ती उघडते. त्यामुळे पाणी धरून ठेवून रेनला जगवायचं, की ते सोडून लढाई लवकर संपवायची, हे दर काही सेकंदांनी ठरवावं लागतं. आणि भविष्याचे सूर वाजू लागले की हातात काय धरलंय ते आधी आठवावं लागतं. सध्या मी पाणी कायम धरून ठेवते आणि बाकीची दोन सोडते. भाच्याला ही पद्धत संथ वाटते. मला वाटत नाही. रेन उभा राहतोय तोवर मी ती बदलणार नाही.