ढवळण्याचा तास

शेत किंवा बाग हा एक अखंड सजीव आहे असे मानून, माती, झाडे, जनावरे, माणूस आणि ग्रहताऱ्यांची गती यांचा परस्परसंबंध राखत केलेल्या लागवडीला बायोडायनॅमिक शेती म्हणतात. तिचा पाया ऑस्ट्रियन विचारवंत रुडॉल्फ स्टायनर यांनी जून १९२४ मध्ये कोबरविट्झ येथे दिलेल्या आठ व्याख्यानांनी घातला. हे गाव तेव्हा जर्मनीच्या सायलेशिया प्रांतात होते आणि आज ते पोलंडमध्ये आहे. या पद्धतीचे मर्म तिच्या विश्वविषयक सिद्धांतांपेक्षा तिच्यातील एका साध्या कष्टाच्या कामात अधिक सापडते.

ते काम शिंगखताचे. गाईच्या शिंगात ताजे शेण ठासून भरतात, शरद ऋतूत ते शिंग सुपीक मातीत पुरतात आणि हिवाळा सरल्यावर उकरून काढतात, तोवर शेणाचा वास जाऊन ते गडद, मऊ, मातीसारखे झालेले असते. हेक्टरी सुमारे १०० ग्रॅम शिंगखत काही बादल्या पाण्यात घालून ते तासभर ढवळायचे असते: पाणी एका दिशेने इतके वेगाने फिरवायचे की मधोमध खोल भोवरा पडावा, मग अचानक दिशा उलटवून तो मोडायचा आणि खळबळलेल्या पाण्यात पुन्हा नवा भोवरा उभा करायचा. संध्याकाळी हे पाणी जमिनीवर शिंपडतात. एवढ्या अल्प मात्रेतून पिकाला पोसण्याइतके नत्र मिळणे शक्य नाही, हे स्टायनर यांनाही ठाऊक होते. त्यांच्या मते येथे द्रव्य नव्हे तर शक्ती काम करते. यंत्राने ढवळले तर चालेल का, असा प्रश्न व्याख्यानांनंतरच्या चर्चेत निघाला, तेव्हा हाताने ढवळण्याचे मोल त्यांनी निराळे मानले आणि रविवारी घरी येणाऱ्या पाहुण्यांनाही या कामाला लावता येईल असे सुचवले.

हे उत्तर फार अर्थपूर्ण आहे. तासभर दुसरे काहीही न करता हातातली काठी आणि पाण्याचा वेग यांकडेच लक्ष ठेवणे, भोवरा नेमका केव्हा पूर्ण झाला हे ओळखणे आणि जमलेला आकार स्वतःच्या हाताने मोडणे ही साधनाच होय. कोबरविट्झच्या जवळजवळ वीस वर्षे आधी स्टायनर यांनी आपल्या साधनाविषयक लेखनात उमलणाऱ्या आणि कोमेजणाऱ्या वनस्पतींवर आलटून पालटून मन एकाग्र करण्याचा अभ्यास सांगितला होता. बागेत तोच अभ्यास हातापायांपर्यंत उतरतो. अरणच्या सावता माळ्यांच्या परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला मळ्यातील काम आणि उपासना यांचे ऐक्य नवे नाही, मात्र तेथे विठ्ठलाविषयीचे प्रेम अग्रभागी आहे आणि येथे निसर्गाच्या सूक्ष्म निरीक्षणातून येणारे ज्ञान.

शिंगखतातील शक्तीचा दावा प्रयोगांनी सिद्ध झालेला नाही, हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. स्वित्झर्लंडमधील थेरविल येथे १९७८ पासून चालू असलेल्या तुलनात्मक प्रयोगात बायोडायनॅमिक वाफ्यांतील माती सूक्ष्मजीवांनी अधिक समृद्ध आढळली, पण त्या वाफ्यांना चांगले कुजवलेले शेणखतही मिळत होते, त्यामुळे त्या समृद्धीचे श्रेय केवळ शिंगाला देता येत नाही. शिवाय बायोडायनॅमिकसह तेथील सेंद्रिय पद्धतींचे उत्पादन प्रचलित रासायनिक पद्धतीपेक्षा सरासरी सुमारे २० टक्के कमी भरले. साधकाने हे आकडे झाकणे म्हणजे ज्या निरीक्षणावर त्याची साधना उभी आहे त्याच्याशीच प्रतारणा करणे होय.

म्हणूनच मोठमोठ्या द्राक्षमळ्यांत आज हे पाणी विजेच्या यंत्रांनी ढवळले जाते, तेव्हा प्रश्न खताच्या गुणाचा राहत नाही. शेकडो एकरांसाठी हाताने ढवळणे अवघड आहे ही अडचण खरी असली, तरी त्या यंत्रासोबत माळ्याला जमिनीपाशी बांधून ठेवणारा तासही जातो, आणि तो तास परत मिळवून देणारे दुसरे कोणतेही काम या पद्धतीच्या नियमपुस्तकात लिहिलेले नाही.