जागल

आमच्या शेतात नाल्याकडच्या बांधाला लागून एक माळा आहे. चार बल्ल्या रोवून दहा-अकरा फुटांवर बांबूच्या कमच्यांची बैठक केलेली, डोक्यावर तुराट्यांचे छप्पर, चढायला शिडी. आजोबांच्या काळी याच जागी बसून गावातले लोक भरमार बंदुकीने रानडुक्कर मारीत. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि ती शिकार बंद झाली. पीक नासणारे जनावर मारायचे तर आता परवाना लागतो, आणि आमच्या घरी बंदूकही उरलेली नाही. बंदूक गेली, बसणे तेवढे राहिले. हरभरा घाट्यावर आला की डुकरे आणि रोही नाल्यातून वर येतात, आणि त्यांच्यासाठी रात्रभर बसावे लागते. याला आमच्याकडे जागल म्हणतात.

ज्यांनी जागल केलेली नाही त्यांना वाटेल, आरडाओरडा करीत शेतातून फिरत राहिले तर थंडी वाजेलच कशी? पण सारख्या ओरडणाऱ्या माणसाला डुकरे दोन रात्रींत ओळखतात. तो या टोकाला ओरडतो तोवर ती त्या टोकाला चरतात. बाबांची रीत वेगळी आहे. चूप बसायचे. हलायचे नाही, विडी पेटवायची नाही. कळपाने बांध ओलांडून आत पाय टाकला, की एकदम बॅटरी मारायची आणि पिपा बडवीत खाली उतरायचे. नाल्याकडची वाट मात्र मोकळी सोडायची. कोंडलेले डुक्कर माणसाची मांडी फाडते. असा एकदा दणका बसला म्हणजे कळप चार-आठ दिवस फिरकत नाही. म्हणजे जुन्या शिकाऱ्याची आणि आमची अडचण एकच आहे. तासन्‌तास दगडासारखे बसायचे आणि वेळ आली की क्षणात उठायचे. दोन्ही कामे पायांच्या भरवशावर, आणि थंडीत सर्वांत आधी दगा देतात ते पायच.

विदर्भाची थंडी ती काय थंडी, असे बाहेरचे लोक म्हणतात. त्यांना आमचा उन्हाळाच ठाऊक. २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. त्या रात्री मी शाळकरी पोर, घरात गोधडीखाली होतो. बाबा माळ्यावर होते.

गेल्या जानेवारीत बाबांना ताप भरला आणि मी जागलीला गेलो. यापूर्वीही गेलो होतो, पण त्यांच्यासोबत. एकट्याने ती पहिलीच रात्र. शिष्यवृत्तीचे पैसे नुकतेच मिळाले होते. त्यातून मी रबरी तळाचे बूट आणि नायलॉनच्या मोज्यांचे दोन जोड घेतले होते. एक जोड माझा, एक बाबांचा. त्या रात्री मी दोन्ही जोड एकावर एक चढवले, बूट कसून बांधले आणि कॉलेजात शिकणारा मुलगा बिनपायमोज्यांच्या बापापेक्षा शहाणा असतो, अशा थाटात निघालो. पंपाची लाईन रात्रीचीच होती. दहा वाजता स्प्रिंकलरचे पाइप उचलून दुसऱ्या पट्ट्यात मांडले. बुटात थोडे पाणी गेले. तेवढ्याने काय होते, म्हणून तसाच माळ्यावर चढलो.

बारापर्यंत बोटे दुखत होती. नंतर दुखायची थांबली, तेव्हा मला बरे वाटले! बूट काम करू लागले असे मी समजलो. तीनच्या सुमारास नाल्याच्या अंगाने दगड घसरला, मग ती ओळखीची घुरघुर आली. दहा-बारा तरी असावीत. मी बॅटरी मारली, पिपा उचलला आणि उभा राहिलो. म्हणजे उभा राहिलो असे मला वाटले. पाय होते, पण दुसऱ्या कोणाचे तरी असावेत तसे. शिडीच्या पहिल्या पायरीवर पाऊल टेकले की नाही हे डोळ्यांनी बघावे लागत होते. दुसरी पायरी मी बघितली नाही. पडलो तो पाठीवर. बॅटरी फुटली. पिपा गडगडत गेला. त्या आवाजाने डुकरे क्षणभर थबकली आणि मग निवांत चरू लागली. पाच-सहा गुंठ्यांतला हरभरा त्यांनी माझ्यादेखत उकरला, आणि मी बांधावर बसून ओरडत राहिलो. ओरडणाऱ्या माणसाची त्यांना किती भीती असते ते वर लिहिलेच आहे.

पहाटे बाबा आले. ताप अंगात होता तरी आले. त्यांनी आधी हरभऱ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मला वाटले, आता बोलतील.

"पाय तुहे हायेत का लाकडं?" एवढेच म्हणाले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले.

पाय पांढरेफटक पडले होते आणि घोट्याच्या वर मोज्यांच्या रबराचे खोल वळ उमटले होते. मी म्हटले, तुराट्या पेटवू, शेकतो. ते एकदम ओरडले, "सेक नको देऊ! आंगाच्या उबेनं येऊ दे." आणि त्यांनी माझी दोन्ही पावले स्वतःच्या बंडीखाली, उघड्या पोटाशी धरली. तापाचे पोट होते ते. एकोणीस वर्षांच्या घोड्याने बापाच्या पोटावर पाय ठेवून बसायचे, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

बाबांच्या डाव्या पायाच्या शेवटच्या दोन बोटांना पेरे नाहीत. बैलाचा पाय पडला, असे आम्ही भावंडे लहानपणापासून ऐकत आलो. त्या पहाटे, माझे पाय पोटाशी धरून, त्यांनी खरे सांगितले. लग्नाच्या पुढच्या वर्षी ते जागलीला होते. मडक्यात निखारे घेऊन माळ्यावर बसले आणि मडके पायांशी ठेवले. पाय आधीच बधिर झालेले. डोळा लागला आणि डावा पाय निखाऱ्यांना टेकला.

"मले आधी वास आला. मंग समजलं का पाय माहाच जयते."

"मग बैलाचे नाव का सांगितले?" मी विचारले.

"जागलीले झोपलो, हे कोणाले सांगू?"

मग आम्ही दोघेही काही बोललो नाही. पायांत मुंग्या आल्या, मग आग झाली, इतकी की डोळ्यांत पाणी आले. बाबा म्हणाले, दुखते ना, मग आले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी मला जागलीला बसायला शिकवले. इतकी वर्षे हे सारे माझ्या डोळ्यांसमोर होते, पण मी त्याला बाबांच्या सवयी समजत होतो. शेताकडे जाताना ते सावकाश चालतात, कारण भराभर चालले की तळव्यांना घाम येतो आणि रात्री तोच घाम गारठतो. पाणी देऊन झाले की पाय पुसून, कोरडे झाल्याशिवाय शिडीला हात लावत नाहीत. बैठकीवर आधी बारदाना, त्यावर तणसाचा हातभर थर. कारण माळ्यावर थंडी खालून येते, कमच्यांच्या फटींतून वारा थेट तळव्यांना लागतो. मग एका चुंगडीत अर्ध्यापर्यंत कुटार भरायचे आणि दोन्ही पाय एकत्र गुडघ्यापर्यंत त्यात घालायचे. आत बोटे हलवत राहायची. वरून काही दिसत नाही. उठायचे झाले की पाय चुंगडीतून सरळ बाहेर निघतात, नाड्या सोडाव्या लागत नाहीत. आणि डोके, कान, छाती दुपट्ट्याने आधी गुंडाळायची. पायाच्या थंडीला डोक्याला फडके कशाला, असे मी विचारले, तर म्हणाले, चूल विझली तर कोपऱ्यातल्या खोलीत ऊब कुठून जाईल?

हे मी कॉलेजात एका विज्ञानाच्या मित्राला सांगितले, तर तो म्हणाला, अगदी बरोबर. शरीर थंड पडू लागले की ते आतल्या अवयवांसाठी रक्त राखते आणि हातापायांच्या त्वचेकडच्या नळ्या आवळून घेते. पावलात मांस थोडे, हाडे आणि शिराच जास्त. तिथे स्वतःची उष्णता फारशी तयार होत नाही, येईल ती रक्तातून. घट्ट मोज्यांनी मी तो रस्ताही दाबून टाकला होता. आणि ऊब खरी धरून ठेवते ती कुटारात अडकलेली हवा. शेजारचे काका जागलीला मोहाची घेऊन बसतात. तिने अंग तापल्यासारखे वाटते ते त्वचेकडे रक्त धावते म्हणून. आतली उष्णता उलट बाहेर जाते.

इतिहासाच्या तासाला सरांनी पहिल्या महायुद्धातले खंदक शिकवले. १९१४ च्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये आपले हिंदी सैनिकही त्या चिखलात उभे होते. बर्फ नसतानाही, नुसत्या ओल्या थंडीत उभे राहून सैनिकांचे पाय सडत. पुढे कोरडे मोजे बदलण्याचे आणि पावलांना तेल चोळण्याचे हुकूम निघाले. अधिकारी पाय तपासू लागले. वर्गात सारे टिपण घेत होते. मला ते स्प्रिंकलरचे पाणी आठवले आणि मी लिहायचे विसरलो.

हरभऱ्याच्या नुकसानीचा अर्ज मीच लिहिला. घरात अर्ज लिहिणारा मी एकटाच. "रखवालदार हजर होता काय" असे त्यात कुठे विचारलेले नव्हते, ते एक बरे.

तो दुसरा मोज्यांचा जोड मी धुऊन बाबांपुढे ठेवला. त्यांनी हातात घेऊन रबर ताणून पाहिले. मग इळा घेतला आणि दोन्ही मोज्यांची वरची रबरी किनार सरळ कापून टाकली. नवे मोजे, माझ्या शिष्यवृत्तीचे! मी काही बोलणार तोच त्यांनी ते पायांत चढवले. डाव्या मोज्याचे टोक, जिथे बोटे नव्हती तिथे, रिकामे लोंबत होते. त्यात त्यांनी चिमूटभर कुटार भरले आणि चुंगडी खांद्यावर टाकून शेताकडे निघाले. सावकाश.