हे कायझेन नाही, तक्रार आहे!

बोईसरच्या एका कारखान्यात आम्ही ठेक्यावर लागलो, तेव्हा गेटच्या आत मोठा बोर्ड होता: कायझेन. आम्हाला वाटले औषधाचे नाव असेल. तारापूर एमआयडीसीत औषधांच्या कंपन्या कमी आहेत का?

डहाणू लोकलने पालघरहून येणाऱ्या आमच्यातल्या एकाने मग डोके चालवले. ध्यानाला पालीत 'झान', त्याचे चिनीत 'चान' आणि जपानीत 'झेन'. म्हणजे कंपनी आपल्याला धम्मच शिकवतेय! रविवारी विहारात आम्ही हे छाती फुगवून सांगितलेसुद्धा.

सगळे चूक निघाले. 'काइ' म्हणजे बदलणे, 'झेन' म्हणजे चांगले. ध्यानाचा झेन वेगळ्याच अक्षराने लिहितात. गंमत एवढीच, की चांगल्यासाठीचे हे अक्षर जुन्या चिनी भाषांतरकारांनी बुद्धवचनातल्या 'कुशल' या शब्दासाठी वापरले होते. त्यामुळे विहारात थोडी अब्रू वाचली.

कायझेन म्हणजे सुधारणा, एवढा साधा शब्द. मासाकी इमाई यांच्या १९८६ च्या इंग्रजी पुस्तकाने तो जगभरच्या कारखान्यांत पोचवला. त्यामागचा विचार आम्हाला पटतो. मशीनवर उभ्या असलेल्या माणसाला मशीन सगळ्यांत जास्त कळते, म्हणून त्याचे ऐका. आम्ही तो खरा मानला आणि सजेशनचा फॉर्म भरला. तीनच गोष्टी लिहिल्या. ड्रम भरतो तिथला डोळे धुण्याचा नळ बंद आहे, तो चालू करा. आठवड्याला हातमोज्यांची एकच जोडी मिळते, ती दोन दिवसांत फाटते. ठेक्यावाल्यांची जेवणाची वेगळी रांग बंद करा.

सुपरवायझरने फॉर्म वाचून परत दिला. "हा पर्मनंटवाल्यांसाठी आहे. आणि हे कायझेन नाही, तक्रार आहे."

म्हणजे कंपनीचे दोन रुपये वाचले तर कायझेन, आणि आमचे डोळे वाचले तर तक्रार!

मित्रांनो, या एका वाक्यामुळे आम्ही त्या शब्दाच्या मागे लागलो. जपानमध्ये तो फक्त मालकाचा नाही. तिथल्या कामगार संघटना पगार आणि वागणूक सुधारा म्हणतात तेव्हा 'ताइगू कायझेन' हाच शब्द वापरतात. बोर्ड रंगवणाऱ्याने तेवढा अर्थ सोयीने गाळला. (बुलेट ट्रेनचे स्टेशन बोईसरला होतेय. आदिवासींची जमीन गेली, आता जपानी शब्द आणखी येतील. अर्थ आपणच तपासून घेतलेले बरे.)

पण सगळ्यांत जास्त हादरलो ते दुसऱ्याच गोष्टीने. जपानमध्येही अस्पृश्य होते. मेलेली जनावरे आणि कातडे ही त्यांच्या वाट्याची कामे, आणि 'बुराकु' म्हणजे त्यांची वस्ती. १८७१ च्या सरकारी आदेशाने त्यांचा हीन दर्जा कागदावर संपला, विटाळ संपला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्यासाठी एक चळवळ निघाली. तिचे नाव 'बुराकु कायझेन'! स्वच्छ राहा, काटकसर करा, नीट वागा, मग लोक तुम्हाला जवळ करतील. भेदभाव करणाऱ्याने काय सुधारायचे, त्याचा फॉर्म कुणी काढला नव्हता. ३ मार्च १९२२ ला क्योतोमध्ये या लोकांनी स्वतःची 'सुइहेइशा' ही संघटना उभी केली आणि ही दयेची सुधारणा नाकारली. त्यांचा शब्द होता 'कायहो'. मुक्ती.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीही महाडला मेलेल्या जनावराचे मांस सोडा, राहणी सुधारा असे सांगितलेच होते की. हो, सांगितले. पण ते आपल्या माणसाने आपल्या माणसांना, स्वाभिमानासाठी सांगितले होते. आधी सुधारा, मग पाणी मिळेल, असे ते म्हणाले नाहीत. त्याच परिषदेतून २० मार्च १९२७ ला लोक थेट चवदार तळ्यावर गेले. आणि पुढे मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये त्यांनी कारखाना कायद्यातले आठवड्याचे कमाल तास ५४ वरून ४८ वर आणले. हे ताइगू कायझेन नाही तर काय? आम्ही मात्र आजही बारा तासांची शिफ्ट करतो.

तर आम्ही आता नवा अर्ज केलाय. वर मोठ्या अक्षरात 'कायझेन' लिहिले. खाली नळ, हातमोजे, जेवणाची रांग आणि चौथा मुद्दा आठ तासांचा. सतरा जणांनी सह्या केल्या. त्यातले चार पर्मनंट आहेत, हे आम्हाला अपेक्षित नव्हते. ऑफिसने अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. सोमवारी जनरल शिफ्ट सुटली की पोच मागायला पुन्हा जाणार आहोत.