परळमार्गे परदेश

आपल्या नाशिक जिल्ह्यातली द्राक्षे युरोपात जातात हे तुम्हाला ठाऊक आहेच. पण कंटेनर न्हावाशेवा बंदरातून हलण्यापूर्वी त्या मालाला परीक्षा द्यावी लागते. फवारलेल्या औषधाचा अंश किती उरला, हे प्रयोगशाळेत पाहतात. माल रोग-किडीपासून मुक्त आहे असे फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र लागते. बागेतला नमुनाही आपण स्वतः काढून चालत नाही. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस येतो आणि आपल्या हाताने घड काढतो. घरच्या माणसाच्या शब्दावर परका देश माल घेत नाही. त्यात राग मानण्यासारखे काही नाही.

आता द्राक्षांच्या मागोमाग आपली मुलेमुलीही शिकायला परदेशी निघाली आहेत, आणि त्यांच्यासाठीही असाच एक दाखला लागतो. तो काढायला गेल्या वर्षी मे महिन्यात मी माझ्या भाचीला घेऊन मुंबईला गेलो होतो. ती कृषी पदवीधर. ब्रिटनमध्ये एक वर्षाच्या एम.एस्सी.ला तिला प्रवेश मिळाला होता. या प्रवासात जे पाहिले ते तुमच्याही घरी कधीतरी उपयोगी पडेल, म्हणून सांगतो.

प्रथम नियम समजून घ्या. भारतातून ब्रिटनला सहा महिन्यांहून अधिक काळासाठी जायचे असेल तर क्षयरोग, म्हणजे टीबी, नसल्याचे प्रमाणपत्र व्हिसाच्या अर्जाबरोबर द्यावे लागते. ते फक्त ब्रिटन सरकारने मान्य केलेल्या केंद्राचेच चालते. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाचीही ठरलेली डॉक्टरमंडळी आहेत. अमेरिकेच्या विद्यार्थी व्हिसाला एरवी अशी तपासणी लागत नाही, पण तिथली अनेक विद्यापीठे लसींचे दाखले मागतात. आपले तालुक्याचे डॉक्टर कितीही नामांकित असोत, त्यांच्या सही-शिक्क्याचा येथे उपयोग नाही.

आमच्या बाबतीत एक गाठ होती. भाची नववीत असताना तिला टीबी झाला होता. सहा महिने गोळ्या घेऊन ती ठणठणीत बरी झाली. गावात मात्र टायफॉइड झाला असे सांगितले गेले. मुलीची जात, उद्या लग्नाचे बघायचे, लोक काय म्हणतील, हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्या एजंटाकडे कागद दिले होते त्याचा सल्ला असा, की फॉर्मवर पूर्वीच्या आजाराचा प्रश्न येईल तेथे सरळ ‘नाही’ लिहा. निघण्याच्या आदल्या रात्री आमची आक्का पत्र्याची पेटी उघडून बसली. तळाच्या लुगड्याखालून तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले औषधोपचाराचे कार्ड काढले आणि काही न बोलता पोरीच्या हातात दिले.

नाशिकरोडहून सकाळची पंचवटी एक्स्प्रेस धरली. इगतपुरी मागे पडली की कसाऱ्याचा घाट सुरू होतो. बोगद्यातला अंधार, मग क्षणभर खोल दरी, पुन्हा अंधार. मे महिन्यात डोंगर वाळून पिवळे पडलेले असतात, पण पळसाच्या पानांच्या द्रोणातली करवंदे त्याच डोंगरांची. भाची खिडकीला टेकून होती. कल्याण आल्यावर म्हणाली, “मामा, हो लिहिलं आणि नाही म्हणाले तर?” मी म्हटले, “पोरी, जमिनीत चुनखडी असली तर माती परीक्षणाच्या अर्जावर न लिहिल्याने ती जाते का?” ती हसली नाही, पण कार्ड पर्समध्ये नीट ठेवले.

दादरला उतरून आम्ही परळला गेलो. आमच्या गावचे एक गृहस्थ लालबागला चाळीत राहतात, मुक्काम त्यांच्याकडे. खेड्यातल्या माणसाला मुंबईतले परळ वेगळ्याच कारणाने माहीत असते. के. ई. एम. रुग्णालय १९२६ सालचे, टाटा कर्करुग्णालय १९४१ सालचे, मुलांचे वाडिया रुग्णालयही जवळच. टाटाच्या बाहेर पदपथावर पथाऱ्या टाकून बसलेली मंडळी पाहा. कोणी खानदेशातले, कोणी विदर्भातले, कोणी थेट बिहार-बंगालकडचे. स्टोव्हवर भात शिजतो आहे, भिंतीवर धोतर वाळते आहे, आणि फायलींची पिशवी उशाला. येथे आजार कोणी लपवत नाही. जो तो दुसऱ्याला विचारतो, “तुमचं कोण? काय झालंय?” भाची बराच वेळ ते पाहत उभी होती.

दुसऱ्या दिवशी लोकलने तपासणी केंद्रावर गेलो. वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. पासपोर्ट पाहिला, तेथेच फोटो घेतला. नमुना ज्याचा त्याचाच आहे, ही खात्री त्यांना हवी असते. गळ्यातले-कानातले उतरवून, गाऊन घालून छातीचा एक्स-रे काढला. स्त्रियांना गर्भवती आहात का, हे आधी विचारतात. तेही मोकळेपणी सांगावे. भाचीने फॉर्मवर ‘हो’ लिहिले. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात जुना व्रण दिसलाच. डॉक्टरीणबाईंनी कार्ड मागितले, तारखा ताडून पाहिल्या. त्या म्हणाल्या, “उपचार पूर्ण झालेत हे चांगलं आहे. पण व्रण जुना आहे की आत अजून काही जिवंत आहे, हे फोटो सांगत नाही. बेडका तपासावा लागेल.”

तीन दिवस लागोपाठ सकाळी जाऊन बेडका द्यायचा. तोंडातली थुंकी चालत नाही. उपाशीपोटी, चूळ भरून, खोल खोकून छातीतला बेडका काढावा लागतो, आणि तोही केंद्रावरच्या माणसासमोर. मग प्रयोगशाळेत तो पोषक माध्यमावर ठेवून जंतू उगवतो का पाहतात. आपण सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासतो ना, त्यातलाच हा प्रकार. फक्त येथे काहीच उगवू नये अशी इच्छा. हा जंतू फार सावकाश वाढतो. म्हणून निकालाला दोन महिन्यांपर्यंत वेळ लागतो.

त्या तीन दिवसांत दुपारी वेळ मोकळा असे. परळमध्येच हाफकिन संस्था आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा डॉ. हाफकिन यांना येथे बोलावण्यात आले. १८९७ च्या जानेवारीत त्यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात आली. त्या साथीत मुंबई सोडणाऱ्या प्रवाशांची रेल्वे स्टेशनांवर डॉक्टरी तपासणी होत असे, आणि परदेशची बंदरे मुंबईच्या बोटींकडे संशयाने पाहत. म्हणजे येथून निघणाऱ्याने आरोग्याची खात्री पटवून पुढे जायचे, ही गोष्ट सव्वाशे वर्षांची आहे.

भाचीला मी तेथे आणखी एका मुलीची आठवण सांगितली. आनंदीबाई जोशी १८८३ साली बोटीने अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्या परत आल्या त्या क्षयाने खंगलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या; तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पुरी नव्हती. क्षयाचा जंतू डॉ. कॉक यांनी १८८२ सालीच दाखवून दिला होता. पण एक्स-रेचा शोध १८९५ सालचा, आणि स्ट्रेप्टोमायसिन हे त्यावरचे पहिले गुणकारी औषध १९४३ साली सापडले. आनंदीबाईंना जे मिळाले नाही ते भाचीला नववीत असताना सरकारी दवाखान्यात फुकट मिळाले होते. मग त्याची लाज कशाची? या प्रश्नाचे उत्तर मी तिच्याकडे मागितले नाही. तुम्ही आपापल्या घरी द्या.

जुलैत निकाल आला. काही उगवले नव्हते. प्रमाणपत्र मिळाले, व्हिसा झाला, आणि सप्टेंबरात ती गेली. मेऐवजी आम्ही जुलैत तपासणीला गेलो असतो, तर प्रवेशाची तारीख हुकली असती. आणि ‘नाही’ लिहिले असते तरी व्रण दिसलाच असता. वर खोटेपणा पदरी पडला असता. ब्रिटनच्या नियमात खोटी माहिती देणाऱ्याचे पुढचे अर्ज दहा वर्षांपर्यंत नाकारले जाऊ शकतात.

तेव्हा चार गोष्टी ध्यानात ठेवा. मान्य केंद्रांची यादी त्या त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर असते. मुलगा किंवा मुलगी ती मोबाइलवर पाहू शकते. एजंटाच्या तोंडी भरवशावर राहू नका. घरबसल्या प्रमाणपत्र आणून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. ब्रिटनचे प्रमाणपत्र सहा महिने चालते. म्हणून फार आधी नको, पण बेडका तपासायची वेळ आली तर दोन महिने हाताशी राहतील अशा बेताने जा. आणि समजा, तपासणीत टीबी निघालाच, तरी ते आयुष्यावरचे ‘नाही’ नव्हे. साध्या टीबीला सहसा सहा महिने औषध पुरते. उपचार पुरे करून पुन्हा तपासणी देता येते. प्रवेश पुढच्या सत्रासाठी राखून ठेवता येईल का, हे विद्यापीठाला लगेच पत्र पाठवून विचारावे.

शेवटचे सांगणे परदेशी जाणाऱ्यांपुरते नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, घटणारे वजन असे घरात कोणाचे असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन बेडका तपासून घ्या. तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. औषध सुरू झाले की मधेच सोडू नका. आणि बरे झाल्यावर ते कार्ड चुलीत घालू नका. सातबाऱ्याचा उतारा ठेवता ना, त्याच पिशवीत तेही ठेवा.