प्रकाशाचा कान

शेगांवाहून अकोल्याकडे निघालेली आगगाडी पारसवरून जाते. तेथील वीजकेंद्रासारख्या ठिकाणीं मोठालीं रोहित्रें अखंड गुणगुणत उभीं असतात. आपल्याकडील प्रवाहाची आवर्तनें सेकंदाला ५०; त्यामुळें रोहित्राच्या गाभ्याचे लोखंडी पत्रे सेकंदाला १०० वेळां सूक्ष्म आकुंचन-प्रसरण पावतात, आणि तोच तो घुमारा.

आमचे थोरले बंधू दादा यांची सारी नोकरी विजेच्या खात्यांत गेली. रोहित्राच्या पोलादी टाकीला लांकडी दांडी टेकवून, तिचें दुसरें टोक कानाशीं धरून, ते आंतील घुमारा ऐकत. सूर जरा बिघडला कीं आंत कांहीं सैल झाल्याचें अचूक ओळखीत. पण एका गांवीं दांडीनें निर्दोष ठरविलेलें रोहित्र दुसऱ्याच दिवशीं फुटलें, आणि उकळत्या तेलानें त्यांच्या हाताखालील एका तरुणाचे दोन्ही हात भाजले. ही हकीकत दादा सहसा काढीत नाहींत.

निरोधक कागद जेथें कुजतो तेथें प्रथम बारीक ठिणग्या पडूं लागतात. त्यांचा आवाज होतो, पण त्याचा बराच अंश लाखभर कंपनांच्या घरांत असतो. मनुष्याचा कान २०,००० च्या पलीकडे बहिरा. स्फटिकांवर दाब पडला म्हणजे वीज उत्पन्न होते, हें क्यूरी बंधूंनीं १८८० सालीं दाखविलें. असे स्फटिक हा श्राव्यातीत ध्वनि टिपतात खरे, पण धातूच्या तारा घेऊन उच्च दाबाच्या वेटोळ्यांजवळ त्यांना कोण बसवूं देणार? ते टाकीच्या बाहेर चिकटवावे लागतात, आणि तेथवर पोंचतांना आवाज पुष्कळ मंदावतो.

कांचेच्या केसाएवढ्या तंतूला ही अडचण नाहीं. कांच वीज वाहून नेत नाहीं, म्हणून तो थेट तेलांत सोडतां येतो. ध्वनिलहरीच्या दाबानें तंतूची लांबी व वक्रीभवनांक लेशमात्र बदलतात; त्यामुळें आंतून जाणाऱ्या प्रकाशाची लय ढळते, आणि दुसऱ्या, अबाधित प्रकाशाशीं तिची गांठ घातली म्हणजे तो फरक उजेडाच्या कमीअधिकपणांत उमटतो. ध्वनि व प्रकाश यांचें हें नातें आपणांस अगदींच परकें नव्हे; द्रवांतील श्राव्यातीत लहरींनीं प्रकाश कसा विखुरतो, याची उपपत्ति रामन् व नागेंद्र नाथ यांनीं १९३५-३६ सालीं बंगळुरास मांडली होती.

मात्र हा तंतु उष्णतेनेंही चळतो. आमच्या वऱ्हाडच्या वैशाखांत तापलेलें तेल आणि ठिणगीचा थरकाप यांतील भेद करणारीं यंत्रें महाग आहेत. हें कारण मला लंगडें वाटतें. भाजलेल्या हातांची किंमत त्या हिशेबांत कोणी धरीत नाहीं.

दादांचे चिरंजीव रोहित्रांच्या चाचणीचें काम करतात. गेल्या दिवाळींत त्यांनीं असा एक तंतु दादांच्या तळहातावर ठेवला. बराच वेळ तो न्याहाळून दादांनीं विचारलें, “त्या दिवशीं हा असता तर?”

“ठिणग्या आधींपासून पडत असत्या तर यानें ऐकल्या असत्या, बाबा. एकाएकीं झालेल्या बिघाडापुढें हाही मुकाच.”

“आणि जागा कशी कळते?”

“एकानें नाहीं कळत. तीन-चार लावायचे. कोणाला आवाज किती उशिरां पोंचला, त्यावरून अंतर काढायचें.”

दादांनीं चष्मा पुसला, कागद मागवला, आणि त्या जुन्या रोहित्राची आकृति काढून तंतु कोठकोठें बसवावयास हवे होते, त्या जागा ते एकेक करून दाखवूं लागले.